चित्राच्या कपाळावरचं कुंकू

झेंडू बाजारात आला की माझं डोकं फिरतं. घट बसायच्या आधीच कोल्हापुरात फुलांचे ढीग लागतात. पोती उतरतात, टेम्पो उभे राहतात, रस्त्याच्या कडेला केशरी चिखल होतो. बायका मूठभर फुलं उचलून नाकाशी धरतात, भाव करतात, हसतात. मी नाकाला पदर लावून पलीकडच्या बाजूनं चालते. देठ मोडल्यावर येणारा हा ओला, तुरट वास लहानपणी माझा सगळ्यात लाडका होता. आमच्या भंडाऱ्याकडं धानाच्या बांधावर झेंडू लावत. दसऱ्याला आई नांगराला, विळ्याला, सायकलला, दिसेल त्या वस्तूला हार घालायची. एका वर्षी मी दप्तराला घातला होता. नववीत शाळा सुटली, दप्तर धाकट्या भावाकडं गेलं, तरी दसऱ्याला वास यायचा आणि बरं वाटायचं. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी तेही संपलं.

मी इथल्या एका विद्यापीठाच्या कलासंग्रहालयात मदतनीस आहे. कागदावर ठेकेदाराचं माणूस. सकाळी दालनांची कुलपं काढायची, पडदे अर्धे ओढायचे, फडकं घट्ट पिळून फरशी पुसायची, मऊ ब्रशनं चौकटींवरची धूळ उतरवायची आणि मग दिवसभर दाराशी स्टुलावर बसायचं. संध्याकाळी कुलूप लावलं की मी ते तीनदा ओढून बघते. फाटकापर्यंत गेल्यावर चौथ्यांदा ओढायला परत येते. सगळे हसतात. हसू देत. नवऱ्याला शिरोलीच्या फौंड्रीत काम लागलं म्हणून आम्ही राज्याच्या एका टोकावरून दुसऱ्या टोकाला आलो. इतक्या लांब आलेल्या माणसाला कुलूप नीट लागलंय यावर एकदम विश्वास बसत नाही.

मला इथं मॅडमनी ठेवून घेतलं. संग्रहालयाच्या प्रमुख त्या. शिक्षण किती म्हणून विचारलं, मी सांगितलं, आणि त्यांनी तोंड वाकडं केलं नाही. कुठं उभं राहिलं की रंगाचे थर दिसतात, बुरशी डोळ्याला दिसायच्या आधी तिचा वास कसा येतो, तैलचित्र कपाटासारखं का पुसायचं नाही, हे त्यांनी मला शिकवलं. एकदा मुलांचं प्रशिक्षण चालू होतं आणि मी दाराशी घुटमळत होते. त्या वळून म्हणाल्या, "बस की मागं." त्या तीन शब्दांवर मी कित्येक वर्षं काढली. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं मी त्यांच्यावर चिडणार आहे.

दरवर्षी गणपती गेले की आमच्या नोटीस बोर्डावर एक कागद लागतो. पदवीच्या विद्यार्थ्यांना कलासंग्रहालयात काम करण्याची संधी. शाळेच्या सहली आल्या की त्यांना दालनं दाखवायची, चित्रांखालच्या पाट्या लिहायच्या, मागच्या खोलीतली चित्रं यादीशी ताडून बघायची, प्रदर्शन मांडताना हाताखाली राहायचं. आणि वर्षाच्या शेवटी त्यांच्यातल्या एकाला बाहेरगावी शिबिराला पाठवायचं, जिथं जुनी चित्रं दुरुस्त करायला शिकवतात. फुकट, राहण्याजेवण्यासकट. बोर्डाखालची फरशी मीच पुसते, त्यामुळं 'संधी' हा शब्द माझ्याइतका कुणी वाचला नसेल. अर्जात एक रकाना असतो, सध्या कोणत्या वर्षात शिकत आहात. तिथं लिहायला माझ्याकडं काही नाही. त्याचा राग नाही, खरंच नाही. राग येतो तो ज्यांच्याकडं आहे त्यांचा.

कारण येतात त्यातले निम्मे प्रमाणपत्रासाठी येतात. चित्राकडं पाठ करून स्वतःचे फोटो काढतात. एक मुलगा पहिल्याच दिवशी मला विचारत होता, "मावशी, हितं हजेरी कोन घेतंय?"

म्हटलं, "कुणीच नाही घेत जी."

"मग झालं की," म्हणाला आणि गेला. तो परत प्रमाणपत्र न्यायलाच आला. मिळालंही.

नाझिया दोन वर्षांपूर्वी आली. बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होती. वडिलांचं गावात फ्रेमचं छोटं दुकान. देवादिकांपासून लग्नाच्या फोटोपर्यंत सगळ्यांना चौकटी तेच ठोकून देतात. बाकीची मुलं पहिल्या दिवशी चित्रांपुढून फिरत होती आणि ही मॅडमना विचारत होती, "मॅडम, ह्येची पाठ बगायला मिळंल का? आमचे अब्बा आधी पाठच बगत्यात. खिळं गंजल्यात का, कापड सैल पडलंय का." मॅडम हसल्या. फार दिवसांनी हसल्या असतील. त्यांनी हातमोजे घालून एक चित्र भिंतीवरून उतरवलं आणि उलटं धरलं. आम्ही तिघी त्या मळक्या कापडाकडं, दोऱ्यांच्या विणीकडं, कुणीतरी पेन्सिलीनं लिहून खोडलेल्या आकड्यांकडं बघत राहिलो. पितृपक्षातली दुपार होती. बाहेर शुकशुकाट, खिडकीच्या काचेवर ऊन तापलेलं, आत रंगांतल्या अळशीच्या तेलाचा जुना वास. माझ्या आयुष्यातल्या चांगल्या दुपारी मोजल्या तर ती त्यात येईल.

तिची जीभ मोठी तिखट. "मावशी, तुमी मला जी म्हनू नका की. कोल्हापुरात जी म्हटलं की मानूस मागं वळून बगतंय, मला म्हनालं का आनि कुनाला." मी तरी म्हणायचेच. मग ती मुद्दाम वळून मागं बघायची. डबा खाताना माझी भाजी चाखून म्हणायची, "तिखट न्हाय, मीठ न्हाय, ह्येला तुमच्यात जेवान म्हनत्यात व्हय?" आणि निम्मी संपवायची.

दालनातली शिस्त मी तिला शिकवली. मॅडमनी मला शिकवली होती, मी तिला. लहान मुलांना हात पाठीमागं बांधायला लावायचे. मोठी माणसं जास्त अवघड. बोट दाखवता दाखवता चित्राला टेकवतात आणि सांगितलं तर त्यांना राग येतो. अशा वेळी त्यांचा हात धरायचा नाही. आपला तळहात मध्ये आणून ठेवायचा, चित्र आणि बोट यांच्यामध्ये. माणूस आपोआप थांबतो, कुणाचा अपमान होत नाही. तिनं ते दहा वेळा करून बघितलं. मी पाहुणा व्हायचे, बोट पुढं न्यायचे, तिचा तळहात पाखरासारखा मध्ये यायचा.

मुलांच्या या उपक्रमाचं उद्घाटन पितृपक्षात नको म्हणून घट बसल्यावर ठेवलं होतं. आपल्याकडं कुठलाही कार्यक्रम प्रतिमापूजनाशिवाय सुरू होत नाही. ज्यांच्या चित्रांवर हे संग्रहालय उभं राहिलं त्या मास्तरांचा एक फोटो ऑफिसात असतो, काच लावलेला. दरवर्षी त्यालाच हार. त्या वर्षी फोटोची काच तडकली होती, तो दुरुस्तीला गेलेला. तेव्हा समितीतले एक गृहस्थ म्हणाले, अहो, मास्तरांनी स्वतःच्या हातानं काढलेलं स्वतःचं चित्र भिंतीवर असताना फोटो कशाला? सगळ्यांना ते फार आवडलं. कुणाच्या मनात वाईट नव्हतं, हेच मला आजही सहन होत नाही. आपल्याकडं आदर म्हणजे हार, माया म्हणजे हळदकुंकू. देवाला तेल घालून घालून आपण त्याचे नाकडोळे झिजवतो आणि त्यालाही भक्ती म्हणतो.

चित्र भिंतीवरून उतरलं. खुर्चीवर शाल, शालीवर मास्तर. पुढं रांगोळी, बाजूला समई. हार आणायला मला पाठवलं होतं. मीच आणला. फूलवाल्यानं ताजा राहावा म्हणून वरून पाणी मारून दिलेलं. रिक्षात माझी मांडी भिजली. येऊन बघते तर समई चित्राला खेटून. मी ती वीतभर मागं सरकवली. त्या सकाळी माझ्या हातून एवढंच शहाणपण झालं. मॅडम बाजूला उभ्या होत्या. "जरा लांबून..." असं काहीतरी त्या पुटपुटल्या. माइकवाल्याचं हॅलो हॅलो चालू होतं.

प्रमुख पाहुणे व्यवस्थापनातले मोठे गृहस्थ होते. त्यांनी वाटीतल्या ओल्या कुंकवात बोट बुडवलं आणि मास्तरांच्या कपाळाकडं नेलं. नाझिया तबक धरून शेजारीच होती. तिनं तबक डाव्या हातात घेतलं आणि उजवा तळहात मध्ये ठेवला. जसं शिकवलं होतं तसं. पाहुण्यांचं बोट तिच्या तळहातावर टेकलं.

"सर, ह्येला नको," ती म्हणाली. "फोटो न्हाय ह्यो. वर काच न्हाय."

टाळ्यांसाठी उचललेले हात तिथंच राहिले. पाहुणे हसले. "कुणाची गं तू पोरी?"

तिनं नाव सांगितलं, आडनावासकट.

"असं होय," ते म्हणाले. एवढंच. पण ते असं म्हणाले की मागच्या दोन रांगांतली माणसं एकमेकांकडं बघायला लागली. मग त्यांनी परत वाटीत बोट बुडवलं, या वेळी दोन बोटं. नाझियानं मॅडमकडं बघितलं. मॅडम रांगोळीकडं बघत होत्या. तिनं माझ्याकडं बघितलं. मी खाली वाकून पडलेल्या पाकळ्या वेचायला लागले. तिनं हात मागं घेतला. कपाळावर कुंकू बसलं, गळ्यात ओला हार पडला, टाळ्या झाल्या. हाराचं पाणी रंगावरून ओघळून चौकटीच्या खाचेत जमत होतं, ते मला वाकलेल्या जागेवरून स्पष्ट दिसत होतं.

चार दिवसांनी तिला माफीनामा लिहून द्यायला सांगितलं. ती ऑफिसात उभी राहून म्हणाली, "मी कशाची माफी मागू? त्यांचं काय बिघडलं? रंगला तर माझा हात." मग कागदपत्रं सुरू झाली. आमचे कारकून भाऊसाहेब यांनी टाइप करून आणलं: सदर विद्यार्थिनीने माननीय पाहुण्यांचा हात उद्धटपणे ढकलला. खाली साक्षीदार म्हणून माझं नाव. मी वाचलं. मला वाचता येतं. मॅडम म्हणाल्या, "छाया, सही कर. ठेकेदाराचं कॉन्ट्रॅक्ट संपत आलंय, मी एकटी कुठवर सांभाळणार तुला?" आवाज मायेचा होता. मी सही केली. घरी सांगितलं तर नवरा म्हणाला, "बरं केलंस. तुले काय करा लागते मोठ्यायच्या भानगडीत." त्याच्या बोलण्यात आमच्या गावची माती होती, आणि त्या रात्री मला ती पहिल्यांदा नकोशी वाटली.

नाझियाचं नाव यादीतून गेलं. शिबिराला जयसिंगपूरचा अनिकेत गेला, बी.कॉम.चा, भल्या घरचा सरळ मुलगा. परत आल्यावर माझ्या स्टुलाशी येऊन बसला आणि म्हणाला, "मावशी, मला तितलं निम्मं कळलंच न्हाय. तिलाच धाडाय पायजे होतं." त्याला कळत होतं. सगळ्यांनाच कळत होतं, हे मला नंतर एकेकाकडून समजत गेलं. भाऊसाहेबांना कळत होतं, माइकवाल्याला कळत होतं. एवढ्या कळलेल्या माणसांच्या खोलीत एकोणीस वर्षांची एक पोरगी एकटी हात मध्ये धरून उभी होती.

उपकाराबद्दल मी तेव्हापासून फार विचार करते. स्टुलावर बसून दुसरं काम तरी काय. कुणी आपल्याला जागा दिली की आपण त्या जागेएवढेच होऊन बसतो. पाय पसरत नाही, उठत नाही, खोकला आला तरी गिळतो. देणाऱ्यानं मागितलेलं नसतं, तरी आपण रोज थोडं थोडं परत करत राहतो. आज मान, उद्या शब्द. मी ज्या दिवशी सही केली त्या दिवशी माझं नव्हतंच असं काहीतरी परत केलं. ते नाझियाचं होतं. मॅडमचे उपकार मी तिच्या पदरचं देऊन फेडले. हे मला कळलं तेव्हा मी दालन दोनमधल्या नदीच्या चित्रापुढं ब्रश घेऊन उभी होते. मी ब्रश खाली ठेवला.

मास्तरांच्या कपाळावर आता तांबूस डाग आहे. पुसायचा प्रयत्न झाला, तो आणखी पसरला. गळ्यापाशी, हार होता तिथं, वार्निश पांढुरकं झालंय, आणि एका जागी रंग फुगून बाजरीएवढा फोड आलाय. रोज सकाळी मी तो बघते, वाढला का. लोक पुढून जातात, म्हणतात, किती जिवंत डोळे. डोळे जिवंतच आहेत. म्हणूनच मी तिथं फार वेळ थांबत नाही.

आता परत तेच दिवस. बोर्डावर कागद लागला, अर्जाआधी माहिती घ्यायला मुलं आली, मागच्या रांगेत मी बसले. मॅडम नवीन मुलांना शिस्त समजावत होत्या. मास्तरांच्या चित्राकडं हात करून म्हणाल्या, "हे बघा, मागं एका विद्यार्थिनीच्या निष्काळजीपणानं केवढं नुकसान झालंय." मुलांनी माना हलवल्या. एकीनं वहीत लिहून घेतलं.

मी मॅडमकडं बघत राहिले. त्या खोटं बोलत आहेत असं त्यांच्या चेहऱ्यावर कुठंच नव्हतं. दोन वर्षं एक कागद फाइलीत पडून होता, तोच आता त्यांना आठवत होता. घडलेलं पुसून गेलं होतं. कागदाखाली माझी सही होती.

त्याच आठवड्यात नाझिया फाटकाशी भेटली. शेवटच्या वर्षाला आहे आता. संध्याकाळी राजारामपुरीत एका क्लासच्या काउंटरवर बसते. तिनं परत अर्ज भरला होता. पदवी झाली की हे दार बंद, ही शेवटचीच वेळ. भाऊसाहेबांनी अर्ज बाजूला ठेवला होता. "म्हनाले, तुझं काय व्हनार न्हाय, तुज्यावर शेरा हाय." स्कूटीची किल्ली बोटात फिरवत ती म्हणाली, "मावशी, त्येच्याखाली तुमची सही हाय म्हनं."

"हाय," मी म्हटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिच्या बोलीतला शब्द माझ्या तोंडून गेला.

"हात मध्ये धरायला तुमीच शिकवलंसा की मला."

ती माझ्याकडं बघत होती आणि तिचा चेहरा हळूहळू नरम पडत गेला. "जाऊ दे," म्हणाली. "तुमचं पोट हाय. अर्जाची मुदत शुक्रवारपातूर हाय, बगते दुसरं काय हुतंय का." आणि स्कूटीला किक मारून गेली. तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर मी घरी जाऊन रडले असते आणि मोकळी झाले असते. तिनं मला माफ केलं, त्याचा मला जेवढा राग आला तेवढा त्या दोन बोटांचाही आला नव्हता. माझ्यावर दया करायची पाळी त्या पोरीवर यावी?

गुरुवारी सकाळी कुलपं काढायच्या आधी मी फाटकाशेजारच्या कट्ट्यावर बसून कागद लिहिला. तीन कागद फुकट गेले. हात मध्ये धरला, ढकलला नाही. पाहुण्यांचं बोट तिच्या तळहातावर टेकलं. कुंकू आणि ओला हार नंतर लावले, त्यानं चित्र खराब झालं. मागील जबाबावरची सही मी मागे घेत आहे. ही विनंती, की तिचा अर्ज स्वीकारावा. मॅडमच्या टेबलावर एक प्रत ठेवली. त्यांनी वाचली, चष्मा काढला, परत घातला. "छाया, तुझ्यासाठी मी काय काय केलं," एवढंच म्हणाल्या. खरं होतं ते. मी म्हटलं, "हो जी, केलं." आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्यायला भाऊसाहेबांच्या आवक टेबलाशी गेले.

भाऊसाहेबांनी कागद उलटून पालटून बघितला. "छायाक्का, कुनी लिहून दिलं ह्ये?"

"मी लिहिलं."

"तुमी? नववीवाल्या तुमी?" ते हसले. "शिक्का कसा मारू मी? उद्या म्हनतील, पोरीनंच लिहून अंगठा घेतला मावशीचा. कुनी शिकवलं तुमाला, ते सांगा आदी."

मी त्यांच्या टेबलावरचा कोरा कागद ओढला, त्यांचंच पेन घेतलं आणि समोरच्या खुर्चीत बसले. त्या खुर्चीत मी आजवर कधी बसले नव्हते. मागं दोन मुलं फॉर्म घेऊन उभी होती, ती बघत राहिली. मी पहिल्या ओळीपासून सगळं परत लिहिलं. घाई केली नाही. भाऊसाहेब मान वाकडी करून वाचत होते, त्यांचं हसू कुठल्या ओळीवर गेलं ते मी बघितलं नाही. सकाळच्या कागदात नव्हतं असं एक वाक्य या वेळी शेवटी आलं, आणि त्याच्याखाली मी सही केली:

मी दोन पावलांवर उभी होते, मला सगळं कळत होतं, आणि मी खाली वाकले.